एका पैशाचा घोळ

प्रश्न : ताई, आमचा व्याज-आकारणीचा जुना प्रोग्राम कोबॉल या जुन्या संगणकभाषेतून जावा या दुसऱ्या भाषेत न्यायचाय. साहेब म्हणतात, एआयला द्या, दोन दिवसांचं काम. एआय मॉडेलने दिलेला कोड पहिल्या फटक्यात कम्पाइल झाला (म्हणजे यंत्राने तो बिनतक्रार स्वीकारला), तरी मन धजत नाही. मी उगाच घाबरतोय का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच उगाच नाही. कम्पायलर फक्त व्याकरण तपासतो, हिशेब नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडले आहे. कोबॉलच्या 'कम्प्यूट' या आकडेमोडीच्या आज्ञेत 'राउंडेड' (जवळच्या अंकाला पूर्ण करा) लिहिलेलं नसेल, तर खान्यात न मावणारे दशांश सरळ छाटले जातात, 12.349 चे 12.34 होतात. मॉडेलने आपल्याच शहाणपणाने 12.35 केले. कोड इतका नेटका की वाचताना मला शंकाही आली नाही. महिनाअखेरीला बेरीज जुळेना, तेव्हा आम्ही दोन रात्री एकेक खातं उकरत बसलो. फरक खात्यामागे एका पैशाचा!

2020 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी ट्रान्सकोडर केला, म्हणजे एका संगणकभाषेतला कोड दुसरीत नेणारा एआय. जोडीला भाषांतर नसलेला, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरचा सुटा कोड वाचूनच तो शिकला. त्यांनीही भाषांतर दिसायला किती जुळतं यावर विसंबून न राहता फंक्शन्स (कोडचे छोटे तुकडे) चालवून उत्तरं ताडून पाहिली. सी प्लस प्लस या भाषेतून जावात 74.8 टक्के बरोबर निघाली, तीही 25 पर्यायांतला एक जरी चालला तरी पास धरून. (दहावीला आम्हाला कुणी अशी सवलत दिली नाही.)

तेव्हा मॉडेल वापरा, पण दोन्ही प्रोग्राम एकाच जुन्या डेटावर चालवा आणि निकाल पैशापर्यंत ताडा. मार्चअखेर, 29 फेब्रुवारी, शून्य शिल्लक, ओव्हरड्राफ्टमधली उणे रक्कम, मध्येच बंद झालेलं खातं हे सगळं त्यात हवं. जावात रकमेसाठी 'डबल' (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) दिसला की आधी तो काढून 'बिगडेसिमल' (दशांश नेमके साठवणारा) घाला. आणि खातेदारांची खरी माहिती बाहेरच्या मॉडेलला चिकटवू नका, एवढं साहेबांनाही बजावा.

मूळ प्रोग्राम लिहिणारे कुणी निवृत्त गृहस्थ असतील, तर त्यांना फोन करा. 'राउंडेड' मुद्दाम गाळलं होतं की विसरलं, ते त्यांनाच ठाऊक. विसरलेलं निघालं, तरी तुम्ही परस्पर दुरुस्त करू नका. आधी लेखी मंजुरी घ्या.