शेवटी फायबरग्लासच चढवायचा, तर कयाक लाकडाच्या पट्ट्यांची का बांधायची?

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. पुण्यात घरी कयाक बांधता येईल का, सुतारकाम येत नसताना जमेल का, खर्च किती, आणि आतून-बाहेरून फायबरग्लासच चढवायचा तर लाकडाचा खटाटोप कशाला. पहिल्या तिन्हींचं थोडक्यात सांगते. चौथ्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या काकांचं 2019 पासून वाजतंय, त्यामुळे तिथे लांबण लागेल.

मी अमेरिकेत मिनेसोटात राहते. इथे उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, बाउंड्री वॉटर्स नावाचं हजाराहून जास्त तळ्यांचं राखीव जंगल आहे. बहुतेक तळ्यांवर इंजिनाला बंदी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर नाव उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि रानातल्या पायवाटेने चालायचं. ही वाट 'रॉड'मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. (कनू म्हणजे कयाकसारखीच, पण वरून उघडी वल्ह्याची नाव; मी बांधली ती कनू.) 200 रॉड झाले की एक किलोमीटर होतो. भाड्याने मिळते ती ॲल्युमिनियमची 17 फुटी कनू साधारण 34 किलोची असते. दोन उन्हाळे ती वाहिली आणि मग गॅरेजात स्वतःची बांधायला घेतली. पुरी झाल्यावर काट्यावर 26 किलो भरली. हे आठ किलो काय असतात ते डास चावत असताना, चिखलात, चढावर कळतं.

बांधायची पद्धत तुम्ही वाचलेली दिसते, म्हणून ती सांगत नाही. माझ्या पट्ट्या वेस्टर्न रेड सीडर ह्या हलक्या लाकडाच्या होत्या, 6 मिलिमीटर जाड आणि 19 रुंद, एका कडेला गोल उभार आणि दुसरीला तशीच खाच. दर फुटावर प्लायवूडचा फर्मा, म्हणजे नावेच्या आडव्या छेदाचा आकार, आणि त्यांवर पट्ट्या कडेला कड चिकटवत जायच्या. आणि हो, गोंद सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवायला स्टेपल मारा. भोकं दिसू नयेत म्हणून स्टेपलशिवाय काम करणारे लोक आहेत, पण पहिल्याच नावेला दोन पट्ट्या दिवसभर क्लॅम्पमध्ये धरून बसाल तर वर्षभर पुरं होणार नाही. ती बारीक भोकं पाण्यात बसल्यावर कुणाला दिसत नाहीत.

काका मालवणचे. आजोबांची होडी उंडीच्या लाकडाची होती, उलांडीची, म्हणजे तोल धरायला बाजूला लाकूड बांधलेली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरायचं काम काकांनी लहानपणापासून केलं. पुढे सगळ्यांनी घेतली तशी त्यांनीही फायबरची होडी घेतली आणि तिच्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. 2019च्या एप्रिलअखेर ते आई-बाबांबरोबर आमच्याकडे आले तेव्हा माझ्या पट्ट्या लावून, रंधा मारून, घासून झाल्या होत्या. नाव फर्म्यांवर पालथी होती, मधाच्या रंगाची. काकांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "गो, सगळा काचेतच घालतलंस, तर लाकूड कित्याक?" तुमचा प्रश्न अक्षरशः हाच आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी काचेच्या धाग्यांचं कापड, म्हणजे फायबरग्लास, चढवलं. सहा औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅमचं. सकाळी नऊला सुरुवात केली. धोतरासारखं पांढरंशुभ्र कापड नावेवर पसरलेलं असतं, त्यावर इपॉक्सी रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, ओतून प्लास्टिकच्या कार्डाने पुढे ढकलत जायचं. जिथे रेझिन भिनतं तिथे कापड नाहीसं होतं आणि खालचं लाकूड ओलं केल्यासारखं गडद होऊन वर येतं. प्रत्येक पट्टीचा वेगळा रंग दिसायला लागतो. मला ह्या सबंध कामातला सगळ्यात आवडता तास तोच.

पण वेळ चुकली होती. आमच्या गॅरेजचं दार पूर्वेला. सकाळी आत 14 अंश होते, दुपारपर्यंत 24 झाले. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. ऊन वाढलं की ती फुगते, बाहेर यायला बघते, आणि वर अजून न सुकलेलं रेझिन असतं. त्यात ती टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे करते आणि जागोजागी कापड उचलून धरते. म्हणून इपॉक्सी नेहमी तापमान उतरत असताना लावायचं, दुपार कलल्यावर. तेव्हा लाकूड उलट रेझिन आत ओढून घेतं. हे मी वाचलं होतं. पण सकाळी सुरू केलं की संध्याकाळपर्यंत तिन्ही हात देऊन मोकळी होईन, ह्या घाईत मी ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुधाळ डाग दिसले. मला वाटलं तीन-चार असतील. काका उठले आणि बाजारात माठ घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने नावेवर ठोकत निघाले. टक, टक, टक, आणि मध्येच भद्द. "हंय पोकळ आसा." मी पेन्सिलीने गोल काढायचा. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नऊ गोल झाले, त्यातले पाच तर डोळ्यांना दिसतच नव्हते. ते नऊ तुकडे कापून काढायला, घासायला आणि ठिगळं लावायला मला दोन शनिवार-रविवार लागले. तिरप्या उन्हात ठिगळं अजून दिसतात.

आणि तिथेच वाद पेटला. काकांचं म्हणणं, काच लाकडामुळे सुटली, नुसती काच असती तर सुटली कशापासून असती? मी तीन तुकडे करून दाखवले. एक नुसत्या सीडरच्या पट्ट्या चिकटवलेला: हाताने वाकवल्यावर सांध्यालगतच्या रेषेत कडकन मोडला. दुसरा नुसत्या दोन थर कापडाचा आणि रेझिनचा: पत्त्याच्या पानासारखा लवला. तिसरा नावेसारखा, मध्ये पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना कापड. तो दोन विटांवर ठेवला आणि काकांना वर उभं केलं. जरा दबला, मोडला नाही. जाडी दुप्पट झाली की ताठपणा जवळजवळ आठपट होतो. ती जाडी भरीव काचेने गाठायची तर नाव जड होते. लाकूड दोन कापडांना एकमेकांपासून लांब धरतं, वजन फारसं न वाढवता. म्हणून माझ्या नावेत एकही वाक, म्हणजे आतली आडवी फासळी, नाही. एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या पीटरबरोच्या बाजूला सीडरच्या पट्ट्यांच्या कनू बनायच्या, त्यांना आतून वाक लागायचेच. वाक गेले ते काचेच्या कापडामुळे, आणि ती पद्धत रुजवण्यात इथल्या मिनेसोटातल्या कनू-शर्यतवाल्यांचा मोठा वाटा आहे.

काका विटांवरून उतरले, वाकून तुकड्याची खालची बाजू बघितली आणि म्हणाले, "मगे लाकूड काढ नि थर्माकोल घाल."

मी गप्प झाले, कारण ते बरोबर होतं. हलक्या, महाग कनूंमध्ये मध्ये फोमच असतो. मग माझ्या लाकडाचं काय राहिलं, नुसतं रूप?

उत्तर सुचायला बरेच महिने गेले, आणि ते मी तुमच्यासाठी इथे लिहून ठेवते. फायबरची नाव साच्यातून काढतात. काकांच्या होडीचाही कुठेतरी साचा होता आणि त्यातून तशा कितीतरी होड्या निघाल्या असणार. एकच नाव हवी असेल तर तो साचा बनवायचे कष्ट नावेहून जास्त. पट्टीला साचा लागत नाही. फुटाफुटावरच्या फर्म्यांवर ती टेकवली की मधली गोलाई ती स्वतःच धरते. तिला नको तिथे वळवायला गेलात तर ती विरोध करते, आणि फर्मा चुकलेला असेल तर तिथे उचलून दाखवते. घरच्या एका नावेत लाकूड आधी साचा असतं आणि मग गाभा. दोन्ही कामं करणारी आणि साध्या रंध्याने घासून सारखी करता येणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. मागच्या दिवाळीत फोनवर काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या ठिगळांचे फोटो धाड. ह्याला मी होकार समजत नाही, पण नकारही नाही.

आता तुमचं. सुतारकाम नाही आलं तरी चालेल. रंधा चालवायला आणि त्याचं पातं लावायला मात्र शिकावंच लागेल. माझे सुमारे 280 तास आणि तेव्हाचे 1,600 डॉलर गेले, त्यात निम्म्याहून जास्त रेझिन, कापड आणि वार्निशचे. वार्निशवर पैसे वाचवू नका. इपॉक्सी उन्हाने खराब होतं, त्यामुळे ऊन अडवणारंच वार्निश हवं. कयाकला वरचा डेकही वेगळा बांधायचा असतो, म्हणून वेळ ह्याहून जास्त धरा. सागाच्या नादी लागू नका, सीडरच्या जवळजवळ पावणेदोनपट जड असतो आणि त्याच्या तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही. सरळ रेषांचं, बिनगाठीचं शिवणीचं लाकूड मिळालं तर त्याचे मी वर सांगितले तसे तीन तुकडे करून बघा. मी भारतात नाव बांधलेली नाही, त्यामुळे तिथल्या लाकडाबद्दल माझ्यापेक्षा लाकडाच्या वखारीत जास्त कळेल. पावसाळ्यात कापड चढवू नका, दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: सीडरच्या भुशाने दमा होऊ शकतो, कापडी मास्क पुरत नाही, चांगला रेस्पिरेटर घ्या. इपॉक्सी उघड्या हाताला लागू देऊ नका. एकदा त्याची ॲलर्जी झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि नाव अर्धवट सोडावी लागते.

फ्लॅटमध्ये बांधणार असाल तर पट्ट्या मागवायच्या आधी पाच मीटरचा पाइप घेऊन खोलीतून जिन्याने खाली उतरवून बघा. पाइप वळला नाही तर कयाकही वळणार नाही.