वंशावळीतला तिसरा भाऊ

चिमे,

परवा आजीच्या कपाटातल्या वंशावळीचा फोटो पाठवून विचारलंस, "बाबा, पणजोबांच्या ओळीत तीन भाऊ आहेत. दोघांच्या खाली एवढी नावं, मग शंकरच्या खाली काहीच का नाही? तो लहानपणीच वारला का?" इथे मस्कतला शुक्रवारची सुट्टी, म्हणून आज सावकाश लिहितोय.

शंकर वारला नाही. दत्तक गेला. खापरपणजीच्या एका मावसबहिणीला मूल नव्हतं, कागलकडे शेती होती, तिथे दिला त्याला. तेव्हा दत्तक घ्यायचा तो मुलगाच. मुलगी दत्तक घ्यायची कायद्याने सोय झाली 1956 साली. दत्तविधान झालं की आडनाव बदलायचं, बापाचं नाव बदलायचं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही जायचं. आणि जन्मल्या घरातला वाटा संपायचा.

तू ज्या कोल्हापुरात सुट्टी घालवते आहेस, तिथला राजाच असा आलेला. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 ला, नऊ वर्षांचे असताना, दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजाचं आधीचं नाव लोक लक्षात ठेवतात. आमच्या शंकरचं कोण ठेवणार?

मी शोधायला लागलो तेव्हा तू बालवाडीत होतीस. महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्यामुळे आपल्यासारख्या कुणब्याच्या घरातली पोरंही शाळेच्या जनरल रजिस्टरात चढली. गावच्या शाळेत शंकर सापडला. शाळा सोडल्याचं कारण: 'परगावी'. बस्स. मग कागलकडच्या शाळेत आडनाव सोडून दिलं आणि नुसती जन्मतारीख धरून बोट फिरवत गेलो. एका दौलतची तीच तारीख निघाली. नशीब म्हणायचं, कारण त्या काळच्या मास्तरांना तारीख माहीत नसली की ते सरळ 1 जून ठोकून द्यायचे. शंकरची 1 जून असती तर अर्ध्या वर्गातून त्याला निवडायचा कसा?

तरी तारीख जुळली म्हणजे माणूस जुळला असं नाही. खात्री हेळव्याने करून दिली. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. पूर्वी बैल घेऊन यायचे, दारात बसून पिढ्या वाचायचे, नवीन जन्मलेल्यांची नावं चढवायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. आमच्या हेळव्याच्या वहीत शंकरच्या नावापुढे 'दत्तक' लिहिलेलं होतं, गावासकट. आपल्या भावकीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना जे ठाऊक नव्हतं ते त्याच्या वहीत होतं.

मग आपल्या कागदावर का नाही? कारण तू फोटो पाठवलास तो कागद घराण्याच्या कौतुकासाठी केलेला नाही. जमिनीच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायला केलाय. ज्याला वाटा नाही त्याच्या खाली रेघ ओढायची गरज काय! त्याचं नाव तरी कसं राहिलं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

आता मी तुला विचारतो. तुला एक शंकर खटकला. त्या कागदावर बायका किती आहेत, मोजल्यास का?

पणजोबांना दोन बहिणी होत्या. थोरलीला सगळे 'वडणग्याची आत्ती' म्हणायचे. दरवर्षी नागपंचमीला माहेरी यायची, लाह्या घेऊन. मी तिला पाहिलंय, तिच्या मांडीवर बसलोय, आणि तिचं नाव मला माहीत नाही. खापरपणजोबा 1961 साली वारले, म्हणजे त्यांच्या फेरफारात, जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, वारस म्हणून मुलींची नावं लागली असतील, आणि पुढे हक्कसोडपत्र करून कमी झाली असतील. काका तलाठी कार्यालयात जाणार आहेत, त्यांच्याबरोबर जा आणि तो उतारा माग. पण त्यात मिळेल ते सासरचं नाव. लग्नात बदललेलं. माहेरचं नाव कुठल्याच कागदात नसेल, कारण ती शाळेत गेलीच नाही.

ते आजीला माहीत असायला हवं. तीच लग्न होऊन आली तेव्हा आत्ती घरी येत-जात होती. दुपारी विचारू नकोस, जेवून पडलेली असते. संध्याकाळी भाजी निवडायला बसली की तूही जवळ बस आणि विचार. नाव सांगितलंन की त्या कागदावर पणजोबांच्या शेजारी लिही. पेनाने.

तुझा,
बाबा