आजाऱ्याच्या घरी काय बोलायचं?

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. यंदा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कमिटीत निवडून आलो आणि घरभेटींचं काम माझ्याकडे आलं. गेल्या आठवड्यात कॅन्सर झालेल्या एका बाईंकडे गेलो. तोंडातून शब्द फुटेना. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, पाच मिनिटांत उठलो. तेव्हापासून मनाला चैन नाही. अशा घरी बोलायचं काय?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : सलाम. शब्द फुटले नाहीत हे बरंच झालं. पाच मिनिटांत उठलात, तेवढं मात्र करू नका.

माझ्या सेवेचं ते दुसरं वर्ष होतं. शेवगावकडच्या एका खेड्यात मंडळीतला १९ वर्षांचा मुलगा विहिरीत बुडून गेला. मी सायकलवरून पोचलो, बायबल उघडलं आणि देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातलं वचन त्याच्या आईपुढे वाचलं. तिने पदर पुढे ओढला आणि आत गेली. मला वाटलं, चहा ठेवायला गेली असेल. अर्ध्या तासाने सासरे म्हणाले, "साहेब, आता या तुम्ही." पुढचे तीन रविवार ती उपासनेला आली नाही. वचन खरं होतं. ते त्या घटकेला तिच्यापुढे वाचणं ही माझी चूक होती, आणि ती मला आजही सलते.

महिन्याने परत गेलो, तेव्हा पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. ती ओसरीवर सुपात बाजरी निवडत होती. मी शेजारी बसलो. तिने थोडी बाजरी ताटात ओतून माझ्यापुढे सरकवली आणि मीही खडे काढू लागलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला बाजरीची भाकर चालायची नाही. ज्वारीचीच मागायचा." मग ती दिवस कलेपर्यंत मुलाबद्दल बोलत राहिली. निघताना मी त्याचं नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना केली, बस.

बायबलमधल्या, दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी चकार शब्द काढला नाही. तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नव्हते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे प्रभू येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. आपल्याला मात्र समजूत घालायची केवढी घाई असते!

तेव्हा त्या बाईंकडे पुन्हा जा. आधी फोन करा, कारण केमोनंतर काही दिवस मळमळ असते, वासही सोसत नाही. अत्तर लावून जाऊ नका. खाटेच्या पायथ्याशी उभं राहू नका, खुर्ची जवळ ओढून बसा. दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगू नका. "देवाची इच्छा" हे शब्द तर काढूच नका. त्या देवावर चिडल्या तर ऐकून घ्या, देवाची वकिली करायला आपल्याला नेमलेलं नाही. ८८वं स्तोत्र अंधारावरच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

घरधन्याकडेही बघा. तो जेवला का, झोपला का, हे सहसा कोणी विचारत नाही. "दोन तास मी बसतो, तुम्ही आडवे व्हा," असं म्हणालात तर तीही प्रार्थनाच समजा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तिथे जे ऐकाल ते तिथेच ठेवा. प्रार्थनेची विनंती म्हणून लोकांची दुखणी रविवारी चारचौघांत वाचली जातात. त्यामुळे दुखावून मंडळीपासून तुटलेली घरं मी पाहिली आहेत.

एवढी वर्षं कोण कुठल्या थांब्यावर चढतो, कोण बरेच दिवस दिसला नाही, हे तुमच्या लक्षात राहत होतं. तेच इथे कामाला येईल.

प्रश्न : शेजारचे आजोबा वारकरी आहेत. आता अंथरुणाला खिळलेत. त्यांच्यासाठी त्यांच्या घरी प्रार्थना केली तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : आधी आजोबांनाच विचारा. नको म्हणाले तर नुसत्या बसा, पाणी पाजा. हो म्हणाले तर साध्या मराठीत, थोडक्यात करा. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली, ती साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. आपण प्रार्थनेत अवघड शब्द कशाला घालायचे? ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं येत असतील तर एखादं म्हणून बघा. ओवी-अभंगाची चाल आजोबांच्या कानाला परकी नाही. आणि त्यांना अभंग म्हणावासा वाटला, तर तो पूर्ण होईपर्यंत उठू नका.