वाचक विचारतात: चिऱ्याच्या घरातली जुनी पाइपलाइन

प्रश्न: डिचोलीजवळ आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे, साधारण पन्नास वर्षांचं. पाइप जुने, लोखंडी. सकाळी पहिली बादली तांबडी येते आणि न्हाणीत धार बारीक. प्लंबर म्हणतो, सगळं उखडून भिंतीच्या आतून नवं घालू, संडासही दुसऱ्या कोपऱ्यात नेऊ. एवढा खर्च झेपणार नाही. काम गणपतीच्या चवथीआधी उरकायचंय. ताई, हात कुठे आखडता घ्यावा?

उत्तर: माझं म्हापशात सॅनिटरीचं दुकान आहे. सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच धंद्याच्या मुळावर येणारं आहे.

पहिलं म्हणजे चवथीची मुदत सोडा. चवथीच्या तोंडावर गोव्यात घरोघरी रंग आणि डागडुजी निघते, मेस्त्री हाती लागत नाही, लागला तर भाव त्याचा. शिवाय पावसात भिजलेल्या चिऱ्यावर केलेला गिलावा वाळतो कधी? आता तात्पुरतं भागवा, मोठं काम दिवाळीनंतर काढा.

तोवर एक तपासणी घरीच होते. आधी नळाच्या तोंडची जाळी काढून धुवा. कधी कधी रोग तेवढाच असतो. मग एकाच मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या आणि न्हाणीतल्या नळाखाली तीच बादली घड्याळ लावून भरा. स्वयंपाकघरात झटकन भरली आणि न्हाणीत रखडली, तर फक्त न्हाणीकडे जाणारा फाटा गंजाने भरलाय, तेवढाच बदला. दोन्हीकडे रखडली, तर टाकीतून उतरणारा मुख्य पाइप बघा. सकाळचं तांबडं पाणी म्हणजे रात्रभर लोखंडात उभं राहिलेलं पाणी. प्लंबरला एखादा जोड खोलायला सांगा आणि आत टॉर्च मारून स्वतः बघा.

भिंतीच्या आतून पाइप घालण्याला मात्र माझा ठाम नकार. तुमच्या घराचं वजन चिऱ्याच्या भिंतींवर आहे, त्यात आडव्या खाचा मारणं बरं नाही. चिरा सच्छिद्र, त्यामुळे गळती एकीकडे आणि ओल भलतीकडेच उमटते, शोधायचं कुठे? पाइप बाहेरून, क्लॅम्पवर न्या. दिसायला बरं नाही म्हणाल, पण फोडायची मजुरी वाचते, परत गिलावा-टाइल्स नकोत, आणि उद्या गळलं तर समोर दिसतं. उन्हात प्लॅस्टिकचा पाइप ठिसूळ होतो, म्हणून त्यावर बाहेरच्या भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग मारा. ऑइल पेंट नको. गार पाण्याला यूपीव्हीसी हा साधा प्लॅस्टिकचा पाइप पुरतो; गरम पाणी सोसणारा महागडा सीपीव्हीसी गीझरपासून गरम नळापर्यंतच. दोघांचं चिकटवायचं सोल्युशन वेगळं असतं, एकाच डब्यावर भागवू देऊ नका.

संडास आहे तिथेच राहू दे. जागा बदलली की चार इंची पाइपला उतार द्यायला जमीन खोदावी लागते, आणि तिथे पैसा नुसता मुरतो.

नळाचा पॉइंट जिथे भिंतीत बसतो, तिथे पितळी आट्यांचाच एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, घ्या. हे मी दुखण्यातून सांगते. आमच्या घरी मीच शंभर-दीडशे रुपये वाचवायला प्लॅस्टिकच्या आट्यांचा बसवला. दीड वर्षाने पलीकडच्या खोलीत कपाटामागे ओल. सात टाइल्स फोडल्या. तोवर ते हिरवं डिझाइन बंद झालेलं. आता हिरव्या भिंतीत सात पांढऱ्या आहेत. सासूबाई म्हणतात, भिंतीला कवळी बसवलीस. दुकान असलेल्या बाईची ही गत! तेव्हा एक खोकं टाइल्स जास्त घेऊन माळ्यावर ठेवा. भिंतीत जे काही जाईल, त्याची तोंडं बंद करून पाणी भरा, दिवस-रात्र राहू द्या, आणि मगच गिलावा. झाकण्याआधी मापाची टेप धरून फोटोही काढा.

छतावरून येणारा मोठा शॉवर घेऊ नका. दहा मीटर उंचीवरून पाणी आलं तर कुठे चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब मिळतो. तुमची टाकी छपरालगत असणार. तो शॉवर नुसता ठिबकेल.

प्रश्न: सामान आपण आणावं की प्लंबरवर सोपवावं?

उत्तर: आपण आणा. प्लंबर गिऱ्हाईक घेऊन आला की दुकानदार त्याला काहीतरी देतो. मीही देते, खोटं कशाला बोलू? यादी त्याच्याकडून लिहून घ्या, न वापरलेलं परत घेणार का हे दुकानात आधी विचारा. आणि काम सुरू व्हायच्या आत भंगार कोणाचं तेही ठरवा. जुन्या लोखंडी पाइपांना वजन असतं. तुमचे पितळी नळ मात्र त्यात जाऊ देऊ नका. वायसर बदला, आणि तेच परत लावा.