टेम्पोरल लोबच्या ऑपरेशननंतर फिट कायमच्या थांबतात का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला तीन औषधं घेऊनही दर महिन्याला फिट येतात, एमआरआयमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसचं (टेम्पोरल लोब म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग, त्यातला आठवणींशी जोडलेला हा छोटा भाग) स्क्लेरोसिस, म्हणजे तो आक्रसून कडक होणं, दिसलंय आणि डॉक्टर ऑपरेशन सुचवतायत. फिट थांबतील का आणि स्मरणशक्ती जाईल का, हे दोन प्रश्न आहेत.

थांबण्याची शक्यता चांगली आहे, हमी मात्र नाही. कॅनडात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४० रुग्ण ऑपरेशनच्या गटात होते, ४० नुसत्या औषधांच्या. वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबल्या होत्या त्या ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के जणांच्या, औषधांच्या गटात ८ टक्के. त्या ४० पैकी चौघांचं ऑपरेशन प्रत्यक्षात झालंच नाही; ज्यांचं झालं त्यांच्यात हे प्रमाण ६४ टक्के होतं. पुढे ते थोडं घसरतं. लंडनमधल्या ६१५ प्रौढांच्या पाठपुराव्यात, ज्यात बहुतेक ऑपरेशनं टेम्पोरल लोबचीच होती, पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के लोक फिटमुक्त होते, नुसते ऑरा (भान न जाता थोडा वेळ येणारी विचित्र जाणीव) सोडून.

हे 'ऑरा सोडून' नीट लक्षात ठेवा. ऑपरेशननंतरचा निकाल मोजायच्या एंगल वर्गवारीत वर्ग १ म्हणजे भान घालवणारी फिट येत नाही. त्यात नुसता ऑरा येणारेही बसतात. वर्ग १अ म्हणजे काहीच नाही. हॉस्पिटलनं टक्केवारी सांगितली, की ती कोणत्या वर्गाची आणि किती वर्षांनंतरची हे विचाराच.

निकाल खरा ठरतो तो ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत. एमआरआय शक्यतो ३ टेस्लाचा (ही चुंबकाची ताकद), एपिलेप्सी प्रोटोकॉलचा हवा, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ काप. जाड कापांच्या साध्या एमआरआयमध्ये बारीक दोष सुटतात. व्हिडिओ ईईजीत (मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद आणि सोबत चित्रण) भावाच्या नेहमीच्या फिट रेकॉर्ड व्हायला हव्यात आणि त्या डावीकडूनच सुरू होताना दिसायला हव्यात. पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग कमी काम करतोय हे दाखवणारा) आणि न्यूरोसायकॉलॉजीची (स्मृती, भाषा वगैरे तपासणारी) चाचणीही त्याच बाजूकडे बोट दाखवत असतील, तर यशाची आशा सर्वांत जास्त. या गोष्टी जुळत नसतील तर घाई नको. आधी मेंदूत इलेक्ट्रोड घालून उगम शोधावा लागू शकतो. ऑपरेशन फसतं ते बरेचदा उगम इन्सुलात (मेंदूच्या घडीत आत दडलेल्या भागात), डोळ्यांच्या वरच्या फ्रंटल भागात किंवा दुसऱ्या बाजूच्या टेम्पोरल लोबमध्येही असल्यामुळे, किंवा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग राहून गेल्यामुळे.

आता स्मरणशक्ती. भाषा डाव्या बाजूला असेल तर शब्दांची, नावांची आठवण कमी होण्याचा धोका खरा आहे, तो कुणी झटकून टाकू नये. पण इथे उलटा वाटणारा नियम लागतो: हिप्पोकॅम्पस आधीच आक्रसलेला आणि शब्दांची स्मृती आधीच कमजोर असेल, तर गमावण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. स्मृती शाबूत असेल तर नुकसान जास्त होतं. म्हणून न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी नुसती औपचारिकता समजू नका, तिचा अहवाल हातात घेऊन सर्जनशी बोला. भावाचं काम वाचन-बोलण्यावर चालत असेल तर तेही सांगा. फिट चालू राहिल्या तरी स्मृती झिजतच असते, हेही तराजूत धरा.

दृष्टीच्या क्षेत्रातला उजवा वरचा कोपरा जाऊ शकतो, कारण नजरेचे तंतू टेम्पोरल लोबमधून वळसा घेऊन जातात. रोजच्या वावरात हे अनेकांना जाणवतही नाही, गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी मात्र तपासणी लागू शकते. पहिल्या काही महिन्यांत नैराश्य किंवा चिडचिड उफाळू शकते, फिट थांबलेल्या असल्या तरी. घरच्यांनी लक्ष ठेवावं, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं.

गोळ्या लगेच बंद होत नाहीत. साधारण एक-दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टर हळूहळू कमी करायचं बघतात, आणि काहींना त्या कायम लागतात. पहिल्या आठवड्यात एखादी फिट आली तर डॉक्टरांना कळवा, पण तेवढ्यानं ऑपरेशन फसलं असं धरू नका.

'आणखी एक औषध बघू' म्हणत वर्षं घालवणं मला पटत नाही. ग्लासगोच्या २००० सालच्या अभ्यासात पहिल्या औषधानं ४७ टक्के आणि दुसऱ्यानं आणखी १३ टक्के लोक फिटमुक्त झाले. तिसऱ्या औषधानं किंवा दोन औषधांच्या जोडीनं मिळून फक्त ४ टक्के. न थांबणाऱ्या फिटमध्ये झोपेत अचानक मृत्यूचाही धोका असतो. तपासण्यांची तारीख घ्या; त्या केल्या म्हणजे ऑपरेशनला होकार दिला असं होत नाही.