जन्मतः रेवाल चालणाऱ्या घोड्याला ड्रेसाज शिकवलं तर त्याची चाल बिघडते का?

तुमचा घोडा रेवाल, म्हणजे चार ठेक्यांची मऊ चाल, घेऊनच जन्मला, दुडकी (दोन ठेक्यांची उसळती चाल, ट्रॉट) त्याला येतच नाही, आणि ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या पद्धतशीर तालमीचे, धडे बघावेत तर सगळे दुडकीवर. मग त्यात वेळ घालवावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घालवा. फक्त हात सांभाळा. मी एका घोड्याची चाल स्वतःच्या हातांनी बिघडवली आहे, म्हणून सांगतो.

स्पर्धांमुळे ड्रेसाज म्हणजे दुडकी असं डोक्यात बसलंय. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता तालीम. आधी ठेका, मग मोकळं अंग, लगामाशी हलका संबंध, मागच्या पायांचा जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी अंग गोळा करणं (भार मागच्या पायांवर घेणं), असा तिचा क्रम. यातली एकही पायरी दुडकीवाचून अडत नाही.

आता चालीकडे या. डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा: साध्या चालण्यात पाय याच क्रमाने पडतात. आइसलँडिक घोड्याच्या टोल्ट या रेवाल चालीत किंवा टेनेसी वॉकर या अमेरिकी जातीच्या रनिंग वॉकमध्येही क्रम हाच, वेग तेवढा जास्त. (मिसूरीच्या फॉक्स ट्रॉटरचं गणित वेगळं; त्याची चाल तिरक्या जोड्यांची, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीने.) ही देणगी रक्तातलीच आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी तिचा संबंध डीएमआरटी३ या जनुकातल्या बदलाशी जोडला. ती तालमीने पुसली जात नाही, पण घसरू शकते. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडू लागले की चार ठेक्यांचे दोन होतात. त्याला पेस म्हणतात, आणि त्यावर बसणं म्हणजे कंबरेचा खुळखुळा.

माझं हेच झालं. घोडा रुबाबदार दिसावा म्हणून मी मान आवळून धरली. पाठ खाली गेली, मागचे पाय मागेच राहिले आणि दोनतीन आठवड्यांत पेस सुरू. दोष घोड्याच्या जातीचा, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो! खरं तर दुडकी चालणाऱ्या उत्तम ड्रेसाज घोड्यांचंही चालणं आवळलेल्या हाताने अगदी असंच बिघडतं. चालताना घोडा मान हलवतो. ती अडवली की ठेका गेलाच.

सुधारायला दोन महिने लागले. बहुतेक काम साध्या चालण्यात, लांब लगामावर: मोठी वर्तुळं, थांबणं, पुन्हा निघणं. मग शोल्डर-इन. हा व्यायाम अठराव्या शतकातल्या फ्रेंच उस्ताद ला गेरिनिएरच्या नावावर आहे. घोडा सरळ रेषेत पुढे जातो, पण खांदे थोडे आत आणलेले. त्यामुळे आतला मागचा पाय पोटाखाली यावाच लागतो, बरगड्या सुटतात आणि एका बाजूच्या दोन पायांची जोडी मोडते. पेसवर याच्याइतकं चांगलं औषध मला सापडलेलं नाही. आधी चालण्यात जमवा, मग तिथूनच हळू रेवालमध्ये सोडा. आठदहा पावलं स्वच्छ पडली की परत चालण्यात आणा. थकलेला घोडा पेसकडेच पळतो.

जमिनीवर आडवे दांडे ठेवून त्यांवरून चालवल्यानेही पेस मोडतो. मात्र घोड्याचा कल दुडकीकडे असेल तर दांडे जपून वापरा, ते त्याला आणखी तिकडेच ढकलतात. म्हणून आधी कल ओळखा. आणि ठेका बिघडलाय का, हे कळायला नजरेपेक्षा कान बरे. कठीण जमिनीवर कुणाला तरी घोडा चालवायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून उभे राहा. टप-टप-टप-टप सारख्या अंतराने आलं तर ठीक. ‘टटप… टटप’ ऐकू आलं तर त्या दिवशी रेवाल विसरा आणि लगाम सैल सोडून चालवा.

खोगीर खांद्यावर चढत नाही ना, तेही एकदा बघून घ्या. कँटरची (तीन ठेक्यांच्या संथ दौडीची) घाई नको. या घोड्यांना तो बहुधा उशिरा जमतो, माझ्याला वर्ष लागलं.