यानाच्या फरशांसाठी बाग गहाण ठेवू नका

प्रश्न : आम्ही देवगडचे, हापूसची छोटी बाग आहे. मुलीची बारावी गेल्या वर्षी झाली. आयआयटीसाठी एक वर्ष कोट्याला ठेवलं, पण जमलं नाही. सीईटीला ८८ पर्सेंटाइल आहेत. आता बाग गहाण ठेवून अजून एक वर्ष पाठवतोय. तिला अवकाशयानाच्या उष्णतारोधक फरशांवर काम करायचंय आणि त्याला आयआयटीचं एरोस्पेसच लागतं. क्लास सुचवा. (खाली मुलीच्या अक्षरात : ‘मला रसायन आवडतं. कोट्याला नको.’)

उत्तर : क्लास सुचवणार नाही. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुमच्या मुलीची आहे आणि तिचं उत्तर तुम्ही आधीच देऊन टाकलंय. ती ‘नको’ म्हणतेय, तेही तुमच्या पत्राच्या तळाशी, जागा उरली तेवढ्यात. घरात हे बोलता येत नसेल तर आधी त्याची काळजी करा. गहाण बागेचं ओझं डोक्यावर घेऊन कुठली पोर अभ्यास करील? शिवाय आयआयटीत प्रवेश देणाऱ्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला बारावी त्याच किंवा आदल्या वर्षीची लागते. म्हणजे पुढच्या वर्षी तिला ती परीक्षा देताच येणार नाही. ज्यासाठी बाग गहाण टाकताय, तो दरवाजा बंद झालाय.

आता एरोस्पेसबद्दल. यानाचा आकार, उड्डाण, नियंत्रण हा त्या शाखेचा मुख्य भाग. फरशी घडवतो तो सिरॅमिक, मेटलर्जी (धातुशास्त्र) नाहीतर रसायनवाला. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या काळ्या फरशा सिलिकाच्या बारीक तंतूंच्या होत्या, आत बहुतेक हवाच. सुमारे १२६० अंश सेल्सिअस सोसायच्या. भट्टीतून लालबुंद काढलेला तुकडा कोपऱ्यांना धरून नुसत्या बोटांनी उचलता यायचा, कारण आतली उष्णता बोटापर्यंत फार हळू पोचते. इस्रोने जानेवारी २००७ मध्ये अवकाशातून परत आणलेल्या कुपीवरही सिलिकाच्या फरशा होत्या. तंतू किती बारीक, भट्टी किती तापवायची, तडा का गेला, हे सगळं रसायन आणि पदार्थविज्ञान. मुलीची आवड बरोबर जागी आहे, चुकलाय तो तुमचा रस्ता.

सीईटीवर मेटलर्जी किंवा केमिकल मिळतंय का बघा. नाहीतर रत्नागिरीत बीएस्सी रसायन, मग जॅम ही आयआयटीच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे कोलकात्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पीएचडी करता येते. यातल्या कशालाच बाग गहाण टाकावी लागत नाही.

कॅपचा, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेशाचा, पसंतीक्रम तिला स्वतः भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिनेच लिहावं.